उसवण्यापासून सुरुवात: पन्नाशीत पुन्हा सुया हाती घेताना

दिवाळीच्या साफसफाईत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरातली जुनी ट्रंक उघडली, तेव्हा उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली स्वेटरची अर्धी पाठ निघाली. बॉटल ग्रीन रंगाची, सुयांसकट. टाके अजून सुईवरच होते. 1992 च्या थंडीत मी ती धाकट्या भावासाठी विणायला घेतली होती. मग बी.ए.ची परीक्षा आली, मग लग्न ठरलं, आणि पाठ काखेपर्यंत येऊन जी थांबली ती थांबलीच.

मी तिथेच फरशीवर बसून पुढची ओळ घेतली. हात चालला! चार ओळी झाल्यावर लांब धरून पाहिलं, तर जुन्या आणि नव्या विणीच्या मधे आडवी रेघ उमटली होती. एकोणिसाव्या वर्षी मी किती घट्ट विणायचे ते त्या रेघेनं दाखवलं. शिवाय माझ्या नव्या चार ओळींत एकाआड एक ओळ पिळलेली होती. का, ते कळायला आठ दिवस लागले.

लहानपणी विणता येत होतं, मग सुटलं, आणि आता चाळिशी-पन्नाशीत पुन्हा सुरू करायचंय, अशांसाठी हे लिहितेय. कोऱ्या पाटीच्या माणसालाही चालेल. खरं तर त्याची एक अडचण कमी, आपल्याला येतं असं त्याला वाटत नसतं.

शब्दांचं आधी सांगते, कारण ग्वाल्हेरच्या मराठी घरात तिथेच गोंधळ होतो. आमचं ऊन म्हणजे ऊन, आणि शेजारच्या भाभींचं ऊन म्हणजे लोकर. जानेवारीत कोहरा (म्हणजे धुकं) विरला की दोन्ही एकदमच छतावर सापडतं. आईकडून मी सुई, टाका, सुलट (इंग्रजीतला निट), उलट (पर्ल) शिकले आणि गल्लीतून त्यांनाच सलाई, फंदा, सीधा, उल्टा. घरात ‘फंदे मोज गं’ असंच म्हणायचे सगळे. दोन्हीकडचे शब्द ठाऊक असलेले बरे, कारण दुकानदार एक बोलतो आणि व्हिडिओतली बाई दुसरं.

जुनं अर्धवट काम बाजूला ठेवा

माझी पहिली चूक हीच होती, म्हणून पहिली पायरीही हीच. राहिलेलं काम पुढे न्यायचा मोह होतो, पण जिनं ते सुरू केलं तिचा हात आता आपल्याकडे नसतो. ताण बदललेला असतो, रेघ उमटणारच. ते काम तसंच गुंडाळून ठेवा, नवा गुंडा आणा.

हात विसरत नाहीत म्हणतात, त्यात तथ्य आहे. 1953 मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाच्या लक्षात पुढे नवं काही राहीनासं झालं होतं. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची कड गिरवायला दिली. आदल्या दिवशी आपण हे केलंय हे त्याला आठवत नसे, तरी हात दिवसागणिक सुधारत गेला. 1962 मध्ये त्यांनी हे मांडलं. म्हणजे हाताच्या कामाची वही मेंदूत वेगळीच असते. माझा अनुभव इतकाच, की त्या वहीत चुकाही तेवढ्याच इमानाने उतरलेल्या असतात, आणि कुणाकुणाच्या सवयीही.

माझ्या पिळलेल्या ओळींचं कोडं तिथेच सुटलं. आई उलट टाका घालताना लोकर जगाच्या उलट दिशेनं गुंडाळायची. त्यामुळे टाका सुईवर तिरपा बसायचा. पण सुलट ओळीत ती टाक्याच्या मागच्या पायातून सुई घालायची, की तो परत सरळ. दोन वाकडं मिळून एक सरळ, असा तिचा हिशेब होता, आणि मीही नकळत तसाच शिकले होते. मधल्या वर्षांत झोप लागेना तेव्हा मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ बघायची सवय लागली. विणत काहीच नव्हते, नुसती बघत होते. त्यातून सुलट टाका पुढून घ्यायची पद्धत डोक्यात बसली. उलट मात्र हात आईसारखाच घालत राहिला. निम्मं तिचं, निम्मं मोबाइलचं, आणि वीण पिळली.

हे स्वतःचं तपासायचं कसं? दहा टाक्यांच्या पाच-सहा ओळी विणा आणि थांबून सुईवरचा एक टाका नीट बघा. टाका घोडेस्वारासारखा बसतो, एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. सुईच्या टोकाकडचा पाय पुढे असेल तर नेहमीच्या पद्धतीचा टाका, पुढून घ्या. टोकाकडचा पाय मागे गेला असेल तर मागून घ्या. एवढंच लक्षात ठेवा की टोकाकडचा पाय धरायचा, मग तो पुढे असो की मागे. पिळ पडत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ‘असं कर’ म्हणायचे, आणि आम्ही करायचो.

सामान थोडं, पण बघून घ्या

8 नंबरच्या सुयांची एक जोडी, त्यावर चालेल अशी मध्यम जाडीची लोकर, एक क्रोशाची सुई, लोकर ओवायची बोथट टोकाची मोठी सुई, मोजपट्टी. बस.

नंबराचा मात्र घोळ आहे. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. अमेरिकन नंबर याच्या उलटे, त्यांची 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर आणि त्यांची 6 म्हणजे आपली 8. एका व्हिडिओत सांगितलेली ‘8 नंबर’ मी घरातल्या 8 नंबरवर विणली आणि माझ्या डोक्यासाठीची टोपी शेजारच्या चार वर्षांच्या पोराला बसली. त्याला आवडली, म्हणून वाया गेली नाही. तेव्हापासून नंबर वाचत नाही, मिलिमीटर वाचते.

सुया जुन्या ॲल्युमिनियमच्या असतील तर त्या घसरतात. हात बसेपर्यंत बांबूच्या बऱ्या, टाका धरून ठेवतात.

रंग फिका घ्या. दुधी, पिवळा, फिका निळा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे टाके पन्नाशीच्या डोळ्यांना दिसत नाहीत, मग आपण स्वतःवर चिडतो, दोष चष्म्याचा असतो. केसाळ, फुगीर लोकरही नको, ती उसवताना गुंतते. बाड्याच्या चौकाजवळच्या दुकानात मी ‘साधी, गुळगुळीत’ म्हणून मागितली तर दुकानदारानं विचारलं, “पहली बार बुन रही हैं?” मी हो म्हणून टाकलं. खोटं होतं, पण त्यामुळे त्यानं नीट दाखवली.

दोन-तीन गुंडे घेणार असाल तर लेबलवरचा लॉट नंबर सगळ्यांवर एकच आहे ना, बघा. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये नाही, छतावरच्या उन्हात कळते.

बाजारातली बरीचशी ‘वूल’ ॲक्रिलिक असते. वाईट नाही, धुवायला सोपी. फक्त तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, जीव जातो तिचा, लोळागोळा होते. ओळखायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

आधी उसवायला शिका

वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, ऐंशी उलटलेल्या. सुया सुटल्या नाहीत त्यांच्या कधीच. मी माझा पहिला मफलर घेऊन गेले. सात इंच झाला होता, आणि खालून तिसऱ्या इंचावर एक भोक होतं. मला वाटलं काकू काहीतरी युक्ती सांगतील, वरून दोरा घालून बुजवता येईल. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, भोकाला बोट लावलं आणि म्हणाल्या, “उधेड.”

“सगळं, काकू?”

“मग काय अर्धं? अगं, घाई असेल तर मेळ्यातून आण की. ढिगानं मिळतात.”

मेळा म्हणजे आमचा 1905 पासून थंडीत भरणारा ग्वाल्हेरचा मेळा. संस्थानिक माधवराव शिंद्यांच्या वेळचा. स्वेटर-मफलरांचे ढीग तिथे खरंच असतात. मी खाली आले, दोन दिवस काकूंवर रुसून बसले, आणि मग उसवलं. त्यानंतर हळूहळू कळलं की विणता येणाऱ्या आणि न येणाऱ्या बाईत फरक असतो तो उसवण्यात. येणारी बिनधास्त उसवते. न येणारी भोक झाकते. माझा लहानपणीचा हात झाकणारा होता, कारण तेव्हा चूक दिसली की ओरडा बसायचा.

म्हणून सामान आलं की आधी 20 टाक्यांचा तुकडा विणा आणि त्यावर मुद्दाम चुका करा. एक टाका सोडा, एक जास्तीचा घाला, मधेच सुई काढून घ्या. घाबरायचं काही नाही, हा तुकडा जाणारच आहे.

सुटलेला टाका आधी. तो खाली धावत जातो आणि मागे शिडी सोडतो, एकेक पायरी म्हणजे एकेक ओळीची लोकर. क्रोशाच्या सुईत तो टाका धरा, वरची पायरी आकड्यात अडकवून टाक्यातून ओढून काढा, मग त्याच्या वरची. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीत सगळं सुलट बाजूनं होतं. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत एक पायरी पुढून आणि पुढची मागून घ्यावी लागते, नाहीतर उभा पट्टा वेगळा दिसतो. हे वाचून डोकं गरगरेल. हातात घेतल्यावर दहा मिनिटांचं काम आहे.

हीच युक्ती मुद्दाम टाका सोडूनही वापरता येते. चार ओळी खाली एक टाका चुकलाय? पूर्ण ओळी उसवू नका. त्याच्या बरोबर वरचा एकच टाका सुईवरून सोडा, चुकीपर्यंत खाली येऊ द्या, दुरुस्त करा आणि शिडी चढत परत वर या. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना दाखवत फिरले, कुणाला काही कळलं नाही.

चूक याच ओळीत असेल तर टाका-टाका करून मागे जा. डावी सुई खालच्या टाक्यात घाला, वरची लोकर ओढा, टाका परत डाव्या सुईवर. हळू होतं, पण काही सुटत नाही.

पूर्ण ओळी उसवायच्या असतील तर सुई काढून लोकर ओढा, पण चुकीच्या वरची शेवटची ओळ राखून थांबा. ती ओळ टाका-टाका सोडवत बारीक सुईवर, 10 नंबर चालेल, उचलत जा. बारीक सुई सैल टाक्यात सहज शिरते. विणायला पुन्हा 8 नंबर. उचलताना पाय तपासायचे, टोकाकडचा धरायचा, मघाशी सांगितलं ते.

आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे वाटेतला दोरा. दर 20 ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा मोठ्या सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढा आणि तसाच सोडून द्या. पुढे काही बिघडलं तर बिनधास्त ओढा, वीण दोऱ्याशी येऊन थांबते, एकही टाका हरवत नाही. मी पहिल्या मफलरात लाल दोरा घातला होता. नऊ वेळा घातला आणि तीन वेळा त्यानं वाचवलं.

नियम म्हणाल तर एकच केलाय, रात्री नऊनंतर चूक दुरुस्त करायची नाही. सापडली तर पिन लावायची आणि झोपायचं. रात्री मी दुरुस्त केलेली प्रत्येक चूक सकाळी दोन चुका झालेली असते.

चौकोन विणा, मोजा

12 सेंटिमीटरचा एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मधल्या 10 सेंटिमीटरात किती टाके येतात ते मोजा. कंटाळा येतो, मान्य. पण हिशेब बघा. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके आहेत आणि पाठीला 110, म्हणजे 50 सेंटिमीटर. तुमचा हात घट्ट आहे, 24 येतात, तर तीच पाठ 46 ला जेमतेम पोचते. पुढचा भागही तसाच. घेरात आठ सेंटिमीटर गेले, स्वेटर अंगात शिरत नाही. टाके जास्त येत असतील तर सुई जाड घ्या, कमी येत असतील तर बारीक. हात सैल-घट्ट करायच्या भानगडीत पडू नका, तो मूडप्रमाणे बदलतो. माझा हात तर टीव्हीवर बातम्या लागल्या की घट्ट होतो.

पहिलं काम: साधा मफलर

40 टाके, सगळ्या ओळी सुलट. नक्षी नको. सगळ्या सुलट ओळींची वीण काठाला वळत नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट घेतलीत तर मफलरची पुंगळी होईल आणि तुम्हाला वाटेल आपलं चुकलं. चुकत नाही, ती वीण वळतेच.

टाके घालताना शेपूट किती ठेवायचं, यावर सगळेच अडतात. लोकर सुईवर 10 वेळा गुंडाळा, ती लांबी चौपट करा, वर वीतभर जास्तीची. सरकगाठ तिथे मारा. आणि टाके दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला, मग एक सुई ओढून काढा. पहिली ओळ सैल राहते. पन्नाशीत पुन्हा सुरू करणाऱ्या बहुतेकींचा काठ दोरीसारखा आवळलेला असतो, कारण पहिल्या ओळीला आपण घाबरलेल्या असतो.

आता सरळ आकडेमोड. माझ्या लोकरीत 40 ओळींना 10 सेंटिमीटर झाले. दीड मीटरच्या मफलरला 600 ओळी, म्हणजे 24,000 टाके. सुरुवातीचा वेग मिनिटाला 15 टाके धरा. साधारण 27 तास. रोज अर्धा तास बसलात तर 54 दिवस. दसऱ्याला टाके घातलेत तर मार्गशीर्षात गळ्यात पडेल, ग्वाल्हेरला खरी थंडी लागायच्या बेताला. हा हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, आणि गंमत म्हणजे तेव्हापासून ‘अजून एवढंच झालं?’ हा प्रश्न मनात येणं बंद झालं. एवढंच होणार होतं. उसवण्याचे दिवस त्यात धरलेले नाहीत, ते वेगळे.

ओळी मोजायला सोप्या, या विणीत दोन ओळींचा एक उंचवटा दिसतो. 300 उंचवटे.

गुंडा संपला की नवी लोकर ओळीच्या मधे जोडू नका, काठाला जोडा. दोन्हीकडे वीतभर शेपूट ठेवा.

अर्धा तास झाला की उठा. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर त्या दिवशी सुया ठेवा. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, मनगटातली नस दबत असू शकते. कोपर टेकायला उशी घ्या. कोहऱ्याचे दिवस आले की चांगला दिवा डाव्या खांद्यावरून येईल असा ठेवा. आणि उन्हात बसायची वेळ मिळाली तर ती कधीही सोडू नका, गुळाची गजक सोबत असेल तर मात्र हात पुसून.

टाके बंद करताना उजव्या हातात एक नंबर जाड सुई घ्या, म्हणजे 7 नंबर, शेवटचा काठ आवळत नाही. शेपटं विणीच्या उलट बाजूला दोन दिशांनी ओवून कापा. कोमट पाण्यात साबण कालवून बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर मफलर कानापासून गुडघ्यापर्यंत जाईल.

ट्रंकेतल्या पाठीचं काय झालं

मफलर झाल्यावर ती हिरवी पाठ मी सुईवरून काढली आणि उसवली. आधी तुकडा जाळून पाहिला, केसांचा वास आला, खरी लोकर. डांबराच्या गोळ्यांनी तिला जपलं होतं, कसर लागली नव्हती. उसवलेली लोकर कुरळी निघते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिची खुर्चीच्या पाठीभोवती लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून दाबून पाणी काढायचं आणि दांडीवर वाळत घालायची. जड वजन लटकवू नका, लोकरीचा ताण मरतो. दोन दिवसांत ती सरळ झाली. आईनं असल्या लड्या माझ्या हातांवर अडकवून गुंडे केले होते, आता माझ्याकडे हात धरायला कुणी नव्हतं म्हणून खुर्ची.

भावाला पुण्याला फोन लावला आणि छाती विचारली. 1992 च्या वहीत 34 इंच लिहिलेलं आहे.

“बेचाळीस, ताई. आणि पोट विचारू नकोस.”

पोट विचारावंच लागतं, स्वेटर खालून वर विणतात. 44 निघालं, म्हणजे 112 सेंटिमीटर. वर थोडी सैलाई धरून 117, पाठीला निम्मं, 22 च्या मापानं 129 टाके. दोन सुलट-दोन उलट काठासाठी चारच्या पटीत दोन जास्त हवेत, म्हणून 130. हिरवी काखेपर्यंत तरी पुरते का बघायचं, त्यावर राखाडी घ्यावी लागणार. आज सकाळी बेडई-जलेबीचा नाश्ता झाल्यावर छतावर जाऊन टाके घातले, दोन सुयांवर.